एकच माप: राजकारणावर बोलताना दुटप्पीपणा कसा टाळावा आणि विरोधी पक्षातला मित्र कसा जपावा

विदर्भातल्या गावात पानटपरीपुढच्या बाकावर, गावच्या सहकारी सोसायटीच्या ओट्यावर किंवा कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागलेली असताना राजकारणाचा विषय निघाला नाही, असा दिवस क्वचितच जातो. तो निघतो यात वावगे काही नाही. ज्या मुलखात पोरीचे लग्न यंदा करायचे की पुढच्या वर्षी, हे कापसाचा भाव, कर्जमाफीची अट आणि पीकविम्याचा पंचनामा यांवर ठरते, तिथे राजकारणावर बोलणे ही गरजच आहे. खटकते ते हे, की बोलताना आपण निर्णयाकडे कमी आणि निर्णय घेणाऱ्याच्या गळ्यातल्या दुपट्ट्याकडे जास्त पाहतो. आपल्या पक्षाने केले तर ते धोरण आणि त्यांच्या पक्षाने केले तर तो शेतकरीद्रोह. समोरचाही तेच करतो, आणि मग धुऱ्याला धुरा (शेताचा बांध) लागून असलेली, एकाच शाळेत शिकलेली दोन माणसे निवडणुकीनंतर एकमेकांच्या घरच्या तेरवीलाही जाईनाशी होतात.

यावर गावात सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे ‘राजकारण सोडून बोला’. तो मला पटत नाही. राजकारण सोडले की मैत्री पाऊसपाण्याच्या गप्पांवर येऊन ठेपते, आणि जो निर्णय दोघांनाही सारखाच बुडवतो त्यावर दोघेही गप्प बसतात. खरा उपाय अवघड आहे, पण तो शिकता येतो. आपल्या पक्षाला आणि त्यांच्या पक्षाला एकच माप लावायचे, आणि ते विरोधी पक्षातल्या मित्राच्या देखत लावायचे. बाजार समितीत माल उतरवण्याआधी आपण अडत्याचा काटा शून्यावर आहे की नाही ते पाहून घेतो; बोलण्याआधी स्वतःचा काटाही तसाच पाहून घ्यायचा.

नाव झाकून निर्णय वाचणे

पहिली सवय साधी आहे. निर्णयाची बातमी वाचताना पक्षाचे आणि मंत्र्याचे नाव झाकायचे, शक्य असेल तर वर्षही झाकायचे, आणि तीनच गोष्टी विचारायच्या: काय केले, भार कोणावर पडला, लाभ कोणाला झाला. आपले मत ठरल्यावरच नाव उघडायचे.

कापसावर हे करून पाहू. एक सरकार कापसाची निर्यात अचानक बंद करते. दुसरे सरकार नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर परदेशी कापसावरचे आयात शुल्क काढून टाकते. नावे झाकली तर दोन्ही निर्णयांचे कूळ एकच दिसते: सूतगिरण्यांना आणि कापड उद्योगाला कापूस स्वस्त मिळावा, मग उत्पादकाचा भाव दबला तरी चालेल. आता नावे उघडा. पहिला निर्णय मार्च २०१२ चा, मनमोहन सिंग सरकारचा. त्याला खुद्द कृषिमंत्री शरद पवार यांनी उघड विरोध केला, गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनीही आक्षेप घेतला, आणि थोड्याच दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. दुसरा निर्णय ऑगस्ट २०२५ चा, मोदी सरकारचा. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर डिसेंबरअखेरपर्यंत माफ झाले, आणि या वेळी कापूस उत्पादकाची बाजू काँग्रेसने मांडली. २०१२ मध्ये संतापलेला माणूस २०२५ मध्ये ‘अमेरिकेने आपल्या मालावर लावलेल्या शुल्कामुळे सरकारचा नाइलाज आहे’ असे सांगू लागला असेल, किंवा २०१२ मध्ये ‘गिरण्या जगल्या तर शेतकरी जगेल’ म्हणणाऱ्याला आता अचानक उत्पादकाचा कळवळा आला असेल, तर दोघांचाही काटा शून्यावर नव्हता.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात दोन शेजाऱ्यांना हे करताना मी पाहिले आहे. थोरले सोसायटीचे माजी अध्यक्ष, वडिलांपासून काँग्रेसचे. धाकटा चाळिशीतला, भाजपचा बूथप्रमुख. थोरल्यांनी वर्तमानपत्राच्या मथळ्यावर चष्म्याचे घर ठेवले आणि खालचा मजकूर धाकट्याला वाचायला दिला.

“बाहेरचा कापूस येईन, आपला भाव पडन,” तो वाचता वाचता म्हणाला.

“मंग हे चांगलं का वाईट?”

“वाईटच हाये ना, काकाजी.”

थोरल्यांनी चष्म्याचे घर उचलले. धाकट्याच्याच सरकारचे नाव निघाले. तो जरा थांबला आणि म्हणाला, “वाईट ते वाईट. आता तुमचं काढा.” मग २०१२ ची बंदी निघाली आणि काकाजींनाही तोच शब्द उच्चारावा लागला. निवडणुकीत दोघांचेही मत जिथे जायचे तिथेच जाते. पण त्याच आठवड्यात खरेदी केंद्र लवकर सुरू करावे या मागणीच्या अर्जावर दोघांच्या सह्या एकाखाली एक होत्या.

वही ठेवणे

दुसरी सवय लिहून ठेवण्याची. आपली स्मरणशक्ती आपल्याच पक्षाची असते. विरोधकाने काय म्हटले होते ते वर्षानुवर्षे लक्षात राहते आणि आपण काय म्हटले होते ते सोयीने विसरते. म्हणून एक साधी वही करावी. तारीख, निर्णय आणि त्यावर त्या दिवशी आपण काय म्हणालो, एवढेच लिहावे, आणि आपल्या पक्षाचे पान आधी भरावे.

या वहीसाठी कर्जमाफीइतका चांगला विषय दुसरा नाही. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या, म्हणजे पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्याचे थकीत कर्ज पूर्ण माफ झाले. त्याहून जास्त जमीन असणाऱ्याला मोठा हिस्सा स्वतः भरल्यावरच सवलत होती. ओलिताच्या पाच एकरांत आणि विदर्भातल्या कोरडवाहू दहा एकरांत किती पिकते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही अट कोणाला बाहेर ठेवते ते सांगावे लागत नाही. काँग्रेसच्या कार्यकर्त्याने आपल्या वहीत पाहावे, की त्या वेळी आपण हे म्हटले होते का. २०१७ मध्ये फडणवीस सरकारने दीड लाखाची मर्यादा घातली आणि ऑनलाइन अर्ज सक्तीचा केला. म्हातारी माणसे सेवा केंद्रापुढे तासन्‌तास उभी राहिली. भाजपच्या कार्यकर्त्याने पाहावे, की त्या रांगेबद्दल आपण काय लिहिले आहे. शिवसेना त्या सरकारात होती आणि रस्त्यावर त्याच सरकारविरुद्ध बोलतही होती. डिसेंबर २०१९ मध्ये तिच्याच पक्षप्रमुखांनी मुख्यमंत्री म्हणून दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती जाहीर केली, त्यात दोन लाखांच्या वर थकबाकी असलेला शेतकरी बाहेर राहिला, आणि नियमित फेडणाऱ्यांसाठी जाहीर झालेले ५० हजारांचे प्रोत्साहन खात्यात पडायला २०२२ उजाडले. तोवर सरकार बदलले होते, आणि ते पैसे कोणी दिले यावर गावोगाव भांडणे झाली. घोषणा एका सरकारची आणि वाटप दुसऱ्याचे, हे सरळ सांगितले असते तर भांडणाला जागाच नव्हती.

त्याच हंगामातली आणखी एक नोंद या वहीत असायला हवी. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या अवकाळी पावसाने सोयाबीनच्या शेंगांना शेतातच कोंब फुटले, तेव्हा अजून मुख्यमंत्री न झालेल्या उद्धव ठाकरे यांनी हेक्टरी २५ हजारांची मागणी केली. राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी आठ हजार जाहीर केले. महिनाभरात ठाकरे मुख्यमंत्री झाले, आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेच २५ हजार भाजपचे आमदार त्यांच्याकडे मागू लागले. मागणारा आणि ज्याने द्यायचे तो, दोघांनी खुर्च्या बदलल्या. आकडा मात्र मागणीतच राहिला. अशी पाने मित्रापुढे वाचावीत, आणि वाचताना स्वतःच्या पक्षापासून सुरुवात करावी. समोरच्याचे पान उघडण्याची घाई करू नये. आपण आपले वाचले की तो त्याचे बहुधा आपणहून काढतो.

पक्ष बदलणाऱ्यांबद्दल बोलताना

पक्षांतराइतका आपला काटा कुठेच हलत नाही. त्यांच्याकडून आपल्याकडे आला तर त्याचे डोळे उघडले, आपल्याकडून तिकडे गेला तर तो विकला गेला. १९७८ मध्ये वसंतदादांचे सरकार पाडून शरद पवार मुख्यमंत्री झाले. डिसेंबर १९९१ मध्ये नागपूर अधिवेशनातच छगन भुजबळ आमदार घेऊन शिवसेनेतून फुटले. तेव्हा मुख्यमंत्री आपल्या पुसदचे सुधाकरराव नाईक होते आणि काँग्रेसने फुटणाऱ्यांना सामावून घेतले. २३ नोव्हेंबर २०१९ चा फडणवीस-अजित पवारांचा सकाळचा शपथविधी, जून २०२२ मधले एकनाथ शिंदे यांचे बंड आणि २ जुलै २०२३ ला अजित पवारांचे सरकारात जाणे, हे सगळे एका ओळीत ठेवून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: ज्या चिन्हावर निवडून आला ते सोडताना त्याने आमदारकीही सोडली आणि पुन्हा मतदारांपुढे गेला का? उत्तर बहुतेक ठिकाणी सारखेच येते. मग एकाला गद्दार आणि दुसऱ्याला मुत्सद्दी म्हणण्याचा आपला अधिकार किती उरतो, हे ज्याचे त्याने ठरवावे. कायदा काय म्हणतो हा प्रश्न वेगळा ठेवावा. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आणि २००३ मध्ये त्यात झालेला बदल यांवर न्यायालयेही वर्षानुवर्षे विचार करत आहेत, तो वाद पारावर मिटणार नाही.

वेगळ्या विदर्भाचेही हेच. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. भाजपने १९९७ मध्ये भुवनेश्वरच्या ठरावात वेगळा विदर्भ मान्य केला. २००० मध्ये त्यांच्या केंद्र सरकारने तीन नवी राज्ये केली, त्यांत विदर्भ नव्हता, आणि २०१४ नंतरही तो झाला नाही. काँग्रेसच्या वसंत साठे आणि एन. के. पी. साळवे यांनी हा प्रश्न उचलला, पण त्यांच्याच पक्षाच्या हाती केंद्रातली आणि राज्यातली सत्ता दहा वर्षे असताना तो पुढे सरकला नाही, तेलंगण मात्र झाले. ज्याला वेगळे राज्य हवे आहे त्याने दोन्ही पक्षांना एकाच दिवशी, एकाच सभेत विचारावे. आपल्या पक्षाला फक्त बंद दाराआड आणि दुसऱ्याला चौकात विचारणाऱ्याला विदर्भ नको असतो, मुद्दा हवा असतो.

आणि गावाच्या सर्वांत जवळचे उदाहरण सरपंचाच्या निवडणुकीचे. थेट जनतेतून सरपंच हा निर्णय २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये महाविकास आघाडीने तो रद्द केला, २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने परत आणला. या पद्धतीचे फायदे-तोटे तुम्हांला ग्रामसभेत डोळ्यांनी दिसतात; सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्याचे असले की कामे कशी अडतात हेही दिसते. तेव्हा यावर मत बनवायला मुंबईच्या प्रवक्त्याची गरज नाही.

प्रत्येक बदल दुटप्पीपणा नसतो

एकदा ही सवय लागली की माणूस जो तो दुटप्पी ठरवू लागतो, तेही टाळावे. विरोधी पक्षाने मागणी करणे आणि सरकारात गेल्यावर तिजोरी पाहून कमी देणे, यात थोडा भाग भूमिकेच्या फरकाचा असतो. परिस्थिती बदलली म्हणून मत बदलले आणि कारण उघड सांगितले, तर तो प्रामाणिकपणाच आहे. म्हणून विचारावे ते असे: मत बदलले तेव्हा कारण दिले का, आणि तेच कारण विरोधकाने दिले असते तर आपण ते ऐकून घेतले असते का?

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुटप्पी माणूसही खरे बोलत असू शकतो. काल गप्प बसलेला आज कर्जमाफीच्या अटींवर ओरडतो, म्हणून अटी योग्य ठरत नाहीत. ‘तुमच्या वेळी काय झालं होतं?’ या प्रश्नाने गावातल्या निम्म्या चर्चा मरतात. त्याला उत्तर एकच: “तवाही चुकलं होतं, आताही चुकतंय, आता आजचं बोला भाऊ.” हे पहिले वाक्य उच्चारण्याची तयारी नसेल तर दुसरे उच्चारू नये.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. गावात पक्षाच्या नावाखाली पुष्कळदा जातच बोलत असते. उमेदवाराचे आडनाव कळल्यावर ज्याचे मत ठरते, त्याने निदान धोरणाचा आव आणू नये. नाव झाकून वाचण्याच्या सवयीत म्हणूनच आडनावही झाकायचे असते.

नेत्यांची मैत्री कशी वाचावी

व्यासपीठावर एकमेकांवर तुटून पडणारे नेते लग्नात शेजारी बसून जेवताना दिसले की कार्यकर्त्याला फसवल्यासारखे वाटते. पण अशा सगळ्या मैत्र्या एकाच माळेतल्या नसतात. १९९४ मध्ये जिनिव्हात काश्मीरच्या प्रश्नावर भारताची बाजू मांडायला पंतप्रधान नरसिंह राव यांनी विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून पाठवले, आणि त्यानंतरही वाजपेयींनी लोकसभेत राव सरकारला सोडले नाही. २००६ मध्ये सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही; पवारांवरची त्यांची जाहीर टीका म्हणून थांबली नव्हती. विलासराव देशमुख आणि गोपीनाथ मुंडे यांची मैत्री तर साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. आपल्या नागपूरचे कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन १९५७ मध्ये अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले, आणि त्यांच्या विचारांच्या दुसऱ्या टोकाला असलेले नितीन गडकरी त्यांच्याबद्दल जाहीरपणे आदराने बोलत आले आहेत.

अशा मैत्रीची खूण ही, की मैत्रीमुळे टीका बंद होत नाही. याउलट जिल्हा बँकेची किंवा बाजार समितीची निवडणूक जवळ आली की अचानक जुळणारी आणि लेखापरीक्षणाच्या अहवालावर दोघांनाही एकदम मौन पाळायला लावणारी मैत्री असेल, तर ते साटेलोटे आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही आणि सहकारात पॅनेल लागते, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही प्रकार एकाच मांडवात दिसतात. ओळखायचे कसे? त्यांच्या मैत्रीनंतर गैरव्यवहाराचे प्रश्न विचारले जातात की बुजतात, तेवढे पाहावे. आणि नेते भेटले तर आपण का भेटू नये, हा प्रश्न गुन्हे अंगावर घेतलेल्या पोरांनी स्वतःला जरूर विचारावा. पोळ्याच्या दिवशीच्या हाणामारीत नाव आलेला पोरगा पोलीस भरतीच्या पडताळणीत अडतो, नेत्याचा मुलगा अडत नाही.

गावातला मित्र जपताना

मित्राला त्याच्या पक्षाचा प्रवक्ता समजू नये. दिल्लीत कोणी काही बोलले की सकाळीच त्याच्या अंगणात जाऊन ‘तुमचे साहेब काय म्हनले, पाहा’ असे म्हणणे म्हणजे त्याला नको असलेल्या गोष्टीचा बचाव करायला भाग पाडणे आहे. त्याचे स्वतःचे मत विचारावे. तो आपल्या पक्षावर नाराज असेल तर ती नाराजी चौघांत वापरू नये. एकदा वापरली की पुन्हा तो तुमच्यापुढे खरे बोलणार नाही. त्याचा दुटप्पीपणा दाखवायचा असेल तर शेतात, दोघेच असताना दाखवावा. आपला स्वतःचा मात्र चारचौघांत मान्य करावा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या गावगटावर कापलेली चित्रफीत टाकण्याआधी ती मित्राला एकट्याला पाठवून ‘हे खरं हाये का?’ असे विचारावे. खोटी निघाली तर गावापुढे मान खाली जात नाही, आणि खरी निघाली तर ती त्याने आधी पाहिलेली असते.

धुरा, विहिरीची पाळी, सोसायटीच्या कर्जाचा जामीन, फवारणी पंप आणि मळणीयंत्राची उसनवारी यांत राजकारण येऊ देऊ नये. बांधावरचा वाद निवडणुकीच्या वर्षात उकरून काढला की तो तलाठ्याकडून तहसीलदाराकडे आणि तिथून न्यायालयात जातो, आणि निवडून आलेला माणूस तारखेला सोबत येत नाही. घरातल्या बायकांचा बचत गट अनेकदा दोन्ही पक्षांच्या घरांचा मिळून असतो आणि त्यांचे हप्ते वेळेवर चालतात. त्या गटात पुरुषांनी पक्ष नेऊ नये.

पोळ्याच्या तोरणाखाली आपल्याकडे झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी लोकगीते, म्हटल्या जातात, आणि जो सत्तेत असेल त्याला त्यांत चार शब्द ऐकावे लागतात. आपल्या सरकारवरच्या झडतीलाही ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणून तितक्याच मोठ्याने साथ द्यावी. निकालाच्या दिवशी मिरवणूक मित्राच्या दारावरून जाणार असेल तर गुलाल त्याच्या अंगावर टाकू नये आणि फटाके त्याच्या गोठ्यापाशी लावू नयेत. बैल बुजतात आणि माणूसही दुखावतो. संध्याकाळी त्याच्याकडे चहाला जावे. हरला असाल तर अभिनंदनाला आधी जावे.

मैत्री आधीच तुटली असेल तर मध्यस्थ पाठवू नये, कारण मध्यस्थही कुठल्या तरी गटाचा असतो. स्वतः जावे, दिवस कामाचा निवडावा, म्हणजे हाताला काम असते आणि नजरेला नजर भिडवण्याची सक्ती नसते. सुरुवात आपल्या पक्षाच्या एखाद्या चुकलेल्या निर्णयापासून करावी, तोही असा की ज्यावर पूर्वी त्याचेच म्हणणे बरोबर होते. त्याने लगेच दाद द्यावी अशी अपेक्षा धरू नये. पहिल्या भेटीत तो बहुधा तुम्हांलाच दोन शब्द सुनावेल, ते ऐकून घ्यावेत आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याच्या गाडीत आपला माल नेता येईल का, एवढे विचारून परत यावे. मात्र जातिवाचक शिवी, घरच्या बाईमाणसाबद्दल अभद्र बोलणे किंवा मतासाठी धमकी यांतून दुरावा आला असेल, तर समेटाचा आग्रह धरू नये. तिथे ज्याने ते केले त्यानेच आधी यायचे असते, आणि धमकी असेल तर तक्रार ठाण्यातच द्यायची असते.